फटक्याआधीचं गोल्फ

क्लबचा फेस चेंडूला टेकलेला असतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. ड्रायव्हरचं डोकं ताशी दीडशे किलोमीटर वेगानं आलं असं धरलं, तर तेवढ्या वेळात ते सरकतं सुमारे दोन सेंटिमीटर. चेंडू कुठल्या दिशेला निघणार, किती उंच जाणार, हवेत कुणीकडे वळणार याचा निकाल त्या दोन सेंटिमीटरांत लागतो. फटका बिनसला हे हातांना जाणवतं तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. मागे नेलेला क्लब खाली येऊ लागला की चेंडूपर्यंत पोचायला त्याला साधारण पाव सेकंद पुरतो. एवढ्या वेळात विचार करून काही दुरुस्त करता येईल ही आशा सोडलेलीच बरी.

हे पुस्तक त्या पाव सेकंदाबद्दल फार बोलत नाही. त्याआधीचे जे दहा-पंधरा सेकंद असतात, ज्यांना खेळाडू ‘सेट-अप’ म्हणतात, त्यांच्याबद्दल ते आहे. क्लब कसा धरायचा, कुठे रोख धरून उभं राहायचं, चेंडू दोन पायांच्या मधे नेमका कुठे घ्यायचा, कमरेतून किती वाकायचं, वजन कुठल्या पायावर किती ठेवायचं, एवढाच विषय. तो कंटाळवाणा वाटतो हे मान्य आहे. ड्रायव्हिंग रेंजवर कुणी पाय कसे ठेवतो ते बघायला गर्दी जमत नाही. गर्दी जमते ती लांब फटका मारणाऱ्याभोवती. तरीही चेंडू हवेत जे काही करतो त्यातलं बरंचसं तो जमिनीवर निवांत पडलेला असतानाच ठरलेलं असतं, असं माझं मत आहे आणि पुढची सगळी पानं त्या मताच्या समर्थनार्थ आहेत.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. फलंदाजाच्या स्टान्सबद्दल आपण फार अडून बसत नाही, कारण चेंडू आला की त्याचे पाय हलणारच असतात. उभं राहण्यातली चूक पदलालित्य झाकून टाकतं. गोल्फमध्ये ही सवलत नाही. पाय जिथे रोवले तिथूनच फटका मारायचा, आणि रोवताना चूक झाली असेल तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर ती चूक जशीच्या तशी चेंडूपर्यंत जाते, नाहीतर स्विंगमध्ये दुसरी चूक करून तिची भरपाई करावी लागते. बहुतेक हौशी खेळाडू नकळत हा दुसरा मार्ग धरतात. डोळ्यांना कळतं की आपण निशाणाच्या उजवीकडे रोख धरून उभे आहोत, मग हात खाली येताना क्लब बाहेरून ओढून चेंडू डावीकडे आणतात. कधीकधी फटका सरळही जातो. सरळ गेलेला तो एक फटका माणसाला पुढची दहा वर्षं चुकीचं उभं राहायला लावतो.

क्रिकेटचा आणखी एक वारसा आपल्याला नडतो. सरळ बॅटीनं ड्राइव्ह मारताना बॅटचा पूर्ण चेहरा चेंडूला शेवटपर्यंत दाखवायचा, हे आपल्या हातांत लहानपणापासून मुरलेलं असतं. गोल्फमध्ये क्लबचा फेस मागे जाताना उघडतो आणि खाली येताना त्यानं मिटत यावं लागतं. हात ताठ धरून तो ‘सरळ’ ठेवायला गेलं की चेंडूपाशी तो उघडाच राहतो. कॉलेजात बरी फलंदाजी केलेली माणसं गोल्फला लागली की पहिले काही महिने चेंडू उजवीकडच्या झाडांत का शोधत असतात, त्याचं एक कारण हे. (इथे आणि पुढे सगळीकडे उजव्या हातानं खेळणारा माणूस गृहीत धरला आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटवून घ्यावं. ते त्यांना सवयीचं असतं.)

आता चेंडू हवेत का वळतो याकडे यायला हवं, कारण ते कळल्याशिवाय सेट-अपचे नियम पाठ करण्यात अर्थ नाही.

हे कोडं पहिल्यांदा नीट हाताळलं ते एडिनबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी, 1890 च्या दशकात. सुट्टीत सेंट अँड्र्यूजला जाऊन मनसोक्त गोल्फ खेळणारा हा माणूस. मुलगा फ्रेडी त्याहून सरस, 1896 आणि 1898 चा ब्रिटिश अमॅच्युअर विजेता. (तो 1900 मध्ये बोअर युद्धात मारला गेला, वडील पुढच्याच वर्षी गेले.) फेकलेल्या दगडाच्या हिशेबानं गोल्फचा चेंडू जितका वेळ हवेत राहायला हवा, त्यापेक्षा तो कितीतरी जास्त राहतो, हे टेट यांना खुपत होतं. त्यांनी उत्तर काढलं ते असं की फटका बसताना चेंडूला मागच्या दिशेची फिरकी मिळते आणि ती फिरकी त्याला हवेत उचलून धरते. तिरक्या फेसमुळे चेंडू नुसता वर उडतो असं नाही. तो फिरत वर जातो आणि फिरतोय म्हणून वर टिकतो.

कारखान्यांना यातलं अर्धं आधीच अनुभवानं कळलं होतं. 1848 च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू आले तेव्हा ते गुळगुळीत होते आणि नवेपणी हवेत लवकर खाली यायचे. खेळून खेळून ओरखडे पडलेला चेंडू मात्र छान तरंगायचा. मग लोक नव्या चेंडूंवर हातोडीनं मुद्दाम खुणा पाडू लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे त्या ओरखड्यांचे वंशज. इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी त्यांचं पेटंट 1905 मध्ये मागितलं.

टेट यांच्या फिरकीत आपल्या विषयाची किल्ली आहे. चेंडूला मागची फिरकी वेगळी आणि बाजूची फिरकी वेगळी अशा दोन फिरक्या एकाच वेळी नसतात. फिरकी एकच असते, ज्या आसाभोवती ती होते तो आस कधी आडवा असतो, कधी एका बाजूला कललेला. आस उजवीकडे कलला की चेंडूला उचलणारा जोरही उजवीकडे कलतो आणि चेंडू तिकडे वळतो. आस का कलतो? फेस ज्या दिशेला बघत असतो आणि क्लब ज्या दिशेनं येत असतो, त्या दोन दिशांत फरक पडला म्हणून. फरक नाही, तर वळण नाही. (चेंडू फेसच्या मध्यावर बसला आणि वारा पडलेला असला, तर.)

गंमत अशी की या दोन दिशांपैकी कुठली काय ठरवते, याबद्दल जगभरचे प्रशिक्षक कित्येक वर्षं उलटं शिकवत होते. चेंडू निघतो तो क्लबच्या मार्गानं आणि शेवटी वळतो तो फेसच्या दिशेनं, असं समजलं जायचं. या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या ट्रॅकमनसारखी रडार यंत्रं आली आणि तो समज मोडला. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस बघत असेल तिकडे. ड्रायव्हरच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा सुमारे 85 टक्के, आयर्नच्या बाबतीत 75 च्या आसपास. नंतर तो वळतो तो क्लबच्या मार्गापासून दूर. म्हणजे क्लब निशाणाच्या 6 अंश उजवीकडे जात असेल आणि फेस 2 अंशच उजवीकडे बघत असेल, तर चेंडू किंचित उजवीकडे निघून डावीकडे परत येईल. हा ड्रॉ. दोन्ही आकडे डाव्या बाजूला घेतले की फेड.

एवढं हाती आल्यावर रेंजवरच्या सर्वांत नेहमीच्या माणसाकडे बघू. त्याचा ड्रायव्हर उजवीकडे वळत वळत शेजारच्या होलवर जातो, हा स्लाइस. त्याचा वेज मात्र सरळ, पण निशाणाच्या डावीकडे जातो. त्याला वाटतं आपल्यात दोन दोष आहेत, दोन वेगवेगळे उपाय हवेत. वास्तविक दोष एकच आहे. क्लब दोन्ही वेळा बाहेरून आत येतो आहे. वेजच्या फेसला उतार (लॉफ्ट) भरपूर, त्यामुळे मागची फिरकी इतकी जोरदार असते की तिचा आस फारसा कलत नाही. चेंडू वळत नाही, नुसता फेसच्या दिशेनं डावीकडे जातो. ड्रायव्हरला उतार दहा अंशांच्या आसपास. तिथे फेस आणि मार्ग यांतला तोच फरक आसाला चांगलाच कलवतो. पिशवीतले दोन क्लब एकाच आजाराची दोन लक्षणं दाखवत असतात.

आता हा माणूस उपाय काय करतो ते बघा. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो डावीकडे रोख धरून उभा राहतो. पाय डावीकडे, कंबर डावीकडे, खांदे तर सर्वांत जास्त डावीकडे. फेस मात्र निशाणाकडेच ठेवतो, कारण शेवटी चेंडू जायला हवा तिकडे. खांदे डावीकडे वळले की क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो. फेस जागच्या जागी. दोघांतला फरक वाढला, आस आणखी कलला, स्लाइस मोठा झाला. पुढच्या चेंडूला तो आणखी थोडा डावीकडे वळून उभा राहतो. बादलीतले चेंडू संपेपर्यंत हे चालतं. या माणसाच्या स्विंगला कुणी हात लावण्याची गरज नाही असं मी म्हणणार नाही, पण आधी त्याचे खांदे निशाणाच्या रेषेला समांतर आणून द्यावेत आणि मग काय उरतं ते पाहावं. बरंच कमी उरतं.

या पार्श्वभूमीवर पहिलं प्रकरण ग्रिपचं का आहे ते कळेल. क्लबशी शरीराचा संबंध येतो तो फक्त हातांतून, आणि फेस कुठे बघणार हे मुख्यतः हात ठरवतात. त्यामागचं कारण साधं आहे. हात सैल सोडून उभे राहा. डाव्या हाताचा तळवा अमुक एका कोनात मांडीकडे वळलेला दिसेल. स्विंगच्या वेगात हात याच नैसर्गिक कोनाकडे परत येऊ पाहतात. क्लब धरताना डावा हात दांड्यावर उजवीकडे जास्त फिरवून ठेवला, वरून पाहताना तीन-चार पेरं दिसतील इतका, तर चेंडूपाशी येताना तो आपल्या मूळ जागी फिरतो आणि सोबत फेसही मिटवतो. चेंडू खालून, डावीकडे वळत, जमिनीला टेकल्यावर खूप पळत जातो. हात उलट बाजूला फिरवला, एखादंच पेर दिसेल असा, तर फेस उघडा राहतो. उघड्या फेसला उतारही वाढतो, म्हणून चेंडू उंच, उजवीकडे आणि तोकडा जातो. स्लाइस करणाऱ्याचा पल्ला कमी का असतो याचं उत्तर ताकदीत शोधायचं कारण नाही.

बोटं एकमेकांत कशी गुंतवायची यावर मात्र जितकी शाई खर्च झाली तितकी व्हायला नको होती. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवण्याची पद्धत हॅरी वॉर्डनच्या नावानं ओळखली जाते. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकल्यावर नाव मिळणारच, पण त्याच्या आधी जॉनी लेडली तशीच पकड वापरत होता. जॅक निकलस आणि टायगर वुड्स करंगळी गुंतवतात. चेंडूला यातलं काही कळत नाही. हात दांड्यावर किती फिरलेले आहेत हे त्याला कळतं, आणि क्लब तळव्यात आहे की बोटांत, तेही कळतं. हे दुसरं तपासायला आरसा लागत नाही; आपला डाव्या हाताचा जुना ग्लोव्ह काढून पाहावा. करंगळीखालच्या तळव्याच्या गादीवर, मनगटाजवळ, तो घासून भोक पडायला आला असेल, तर क्लब तळव्यात धरला जातो आहे आणि प्रत्येक फटक्याला तो तिथे थोडा घसरतो आहे.

ग्रिपबद्दल लिहिणाऱ्या कुणालाही बेन होगन यांना ओलांडून जाता येत नाही. त्यांचं ‘फाइव्ह लेसन्स’ 1957 चं. आधी ते ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये लेखमालेच्या रूपात आलं, शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंड यांचं, चित्रं अँथनी रेव्हिएली यांची. ती चित्रं आजही अप्रतिम वाटतात. पहिला धडा अख्खा ग्रिपला दिलेला आहे. पण वाचताना लेखक कोण आहे हे विसरू नये. होगन यांना आयुष्याची पहिली कित्येक वर्षं हूकनं छळलं होतं. चेंडू खाली राहून डावीकडे असा पळायचा की स्पर्धा हातची जायची. त्यावर उपाय म्हणून त्यांनी डावा हात दांड्यावर डावीकडे आणला, फेस मिटू नये अशी सगळी व्यवस्था केली. त्यांचं पुस्तक हे हूक झालेल्या माणसानं लिहिलेलं पथ्य आहे. ते स्लाइस झालेल्या माणसाला दिलं तर काय होणार? आणि हौशी खेळाडूंत स्लाइसवालेच जास्त. मी होगन यांचा भक्त आहे, तरी या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका असं सांगतो. किमान, आपला चेंडू कुणीकडे जातो ते आधी पाहा आणि मग ऐका.

ग्रिपनंतर रोख. या विषयात वाचकाला सर्वांत जास्त अविश्वास वाटेल, कारण सरळ उभं राहण्यात शिकण्यासारखं काय आहे? हिशेब करून पाहा. 200 मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे साडेतीन मीटर. पाच अंश म्हणजे साडेसतरा, म्हणजे फेअरवेच्या मध्यावरून थेट रफमध्ये. पाच अंश चुकलेले खांदे आरशाशिवाय स्वतःला कळत नाहीत. शिवाय आपण चेंडूच्या बाजूला उभे असतो, मागे नाही. बंदूक चालवणारा नेमावरून पाहतो तसं इथे पाहता येत नाही. म्हणून बहुतेक जण पायांची रेषा निशाणावर नेऊन भिडवतात. पायांची रेषा निशाणावर गेली की खांदे निशाणाच्या उजवीकडे बघू लागतात, फेसही मागोमाग जातो. पायांची रेषा चेंडूच्या रेषेला समांतर, म्हणजे निशाणाच्या किंचित डावीकडे जायला हवी, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

निकलस यांची युक्ती या सगळ्यावर भारी आहे. ते चेंडूच्या मागे जाऊन निशाणाच्या रेषेवर, चेंडूपासून हात-दोन हातांवर, एखादा ठिपका हेरतात. गवताचं तुटकं पातं, जुनी टी, काहीही. मग फेस त्या ठिपक्याकडे बघेल असा टेकवतात आणि त्याच्याभोवती पाय बांधतात. आधी फेस, मग पाय. हौशी खेळाडू बरोबर उलटा क्रम करतात.

रोख धरणं ही खेळाचीच एक कसोटी आहे, हे आता नियमपुस्तकही मानतं. 2019 पासून खेळाडू पाय रोवू लागला की कॅडीला त्याच्या मागे रेषेवर उभं राहून रोख तपासता येत नाही. पायांशी क्लब आडवा ठेवून दिशा धरायची, हेही चालत नाही. फटक्याआधी उचलून घेतला तरी दंड. त्याच वर्षी जानेवारीत दुबईच्या स्पर्धेत चीनच्या ली हाओटोंगला शेवटच्या ग्रीनवर यातल्या पहिल्या कलमाखाली दोन फटक्यांचा दंड बसला आणि तो तिसऱ्या स्थानावरून बाराव्या स्थानावर घसरला. शिक्षा कडक वाटली, पुढे कलमाचा अर्थ थोडा सैलही करण्यात आला. पण तत्त्व बरोबर होतं असं मला वाटतं.

सरावाच्या वेळी मात्र पायांशी खुशाल काठ्या ठेवाव्यात, नव्हे, ठेवायलाच हव्यात. आणि एक खबरदारी घ्यावी. रेंजवर आपण चौकोनी मॅटवर उभे असतो. मॅटची कड नकळत आपले पाय सरळ करून देते. मैदानावर कड नसते. उलट टी-बॉक्सवरच्या दोन खुणा पुष्कळदा भलतीकडेच तोंड करून लावलेल्या असतात आणि खेळाडू इमानेइतबारे त्यांच्या दिशेनं उभा राहतो. रेंजवर छान मारणारा माणूस मैदानावर का ढेपाळतो, याची चर्चा मनोधैर्यापासून सुरू होते; ती मॅटपासून व्हावी. मॅटचा दुसरा अपराध असा की चेंडूच्या आधी जमिनीला लागलेला क्लब ती पुढे घसरवून देते आणि जड फटका चांगला वाटायला लावते. गवत इतकं दयाळू नसतं.

चेंडू पायांच्या मधे कुठे घ्यायचा, हा या पुस्तकातला माझा आवडता भाग आहे, कारण इथे एका चेंडूच्या रुंदीएवढा, म्हणजे 4 सेंटिमीटरांचा फरकही हवेत दिसतो. क्लब एका तिरप्या वर्तुळात फिरतो. त्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू साधारण डाव्या काखेच्या खाली येतो. तिथे पोचेपर्यंत क्लब खाली आणि बाहेर, म्हणजे उजवीकडे जात असतो. तिथून पुढे वर आणि आत, म्हणजे डावीकडे. फेसही या सगळ्या प्रवासात हळूहळू मिटत असतो. म्हणून चेंडू मागे, उजव्या पायाकडे घेतला तर क्लब त्याला खाली उतरता उतरता, उजवीकडे जाताना आणि फेस थोडा उघडा असताना गाठतो. चेंडू पुढे घेतला तर वर चढताना, डावीकडे वळताना आणि फेस जास्त मिटलेला असताना. एका हालचालीनं उंची, निघण्याची दिशा आणि वळण तिन्ही बदलली, आणि स्विंग तोच राहिला.

ड्रायव्हरला चेंडू टीवर उंच असतो आणि तो वर चढत्या क्लबनं मारायचा असतो, म्हणून तो डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. आयर्नला आधी चेंडू आणि मग माती, असा क्रम हवा, म्हणून तो मागे. किती मागे, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, क्लब आखूड होत जाईल तसा चेंडू मधोमध सरकवत आणा. होगन आणि निकलस यांचा पंथ म्हणतो, डावी टाच आणि चेंडू यांचं नातं बदलू नका, उजवा पाय फक्त जवळ घ्या. मला दुसरा पंथ सुटसुटीत वाटतो, पण तो जमायला डाव्या बाजूवर नीट येणारं शरीर लागतं. पन्नाशी उलटलेल्या, कंबर धरलेल्या वाचकानं पहिल्या पंथात निःसंकोच सामील व्हावं.

इथेही एक धागा दुसऱ्यात अडकलेला आहे. चेंडू फार पुढे गेला की त्याच्यापर्यंत पोचायला उजवा हात ताणावा लागतो आणि खांदे आपोआप डावीकडे उघडतात. म्हणजे वरच्या स्लाइसवाल्याचे खांदे कदाचित रोखामुळे चुकलेच नसतील. चेंडू पुढे ठेवल्यामुळे चुकले असतील. दोष दिसतो एकीकडे, मूळ दुसरीकडे.

पोश्चर आणि वजनाचं प्रकरण मी आटोपतं ठेवलं आहे. पाठ वाकवायची नाही, खुब्यातून वाकायचं. हात खांद्यांखाली सैल लोंबायला हवेत. चेंडूच्या फार जवळ उभं राहिलं की फटका फेसच्या टाचेवर बसतो, फार लांब उभं राहिलं की टोकावर. आणि ड्रायव्हरच्या फुगीर फेसवर टोकाचा फटका चेंडूला डावीकडे वळवतो, टाचेचा उजवीकडे. क्लबचं टोक हवेत उचललेलं राहिलं तर उतारामुळे फेस डावीकडे बघू लागतो, आणि क्लब जितका जास्त उताराचा, तितकं जास्त. वाऱ्याविरुद्ध खाली राहणारा चेंडू हवा असेल तर चेंडू मागे, हात पुढे, वजन डाव्या पायावर. एवढ्यानं फटका निम्मा झालेला असतो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आदर्श सेट-अप एकच असतो आणि तो आपल्याला गाठायचा आहे. तसं नाही, आणि याचे दोन ठसठशीत पुरावे इतिहासात आहेत. दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक निशाणाच्या चांगलाच उजवीकडे रोख धरून उभा राहायचा आणि प्रत्येक चेंडू डावीकडे वळवून आणायचा. त्यानं 1949 ते 1957 या काळात चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. टेक्ससचा ली ट्रेव्हिनो बरोबर उलटा. पाय निशाणाच्या डावीकडे उघडे, डावा हात दांड्यावर भरपूर उजवीकडे फिरवलेला, आणि चेंडू डावीकडे निघून उजवीकडे परत येणारा. त्याच्या नावावर सहा मेजर स्पर्धा. हूक करायला लावणारी पकड आणि फेड करायला लावणारा पवित्रा, दोन्ही त्यानं एकत्र नांदवले. फेस मिटू पाहतो आणि मार्ग त्याहूनही डावीकडे जातो, मग हिशेब जुळतो. दोघांनीही पाठ्यपुस्तक गुंडाळून ठेवलं होतं, पण उभं राहणं आणि चेंडूचं वळण यांचा मेळ दोघांचाही पक्का होता आणि तो रोज तसाच असायचा. विद्यार्थ्याकडून मी तेवढीच अपेक्षा धरतो.

पाठ्यपुस्तकाविना घडलेले खेळाडू आपल्याकडेही पाहायला मिळतात. 1829 मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब. तिथल्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया तिथेच, औपचारिक शिकवणीविना खेळ शिकला आणि 2016 व 2017 अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. त्याच्या कितीतरी आधी, 1991 मध्ये, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला होता. या मंडळींना प्रशिक्षक नव्हते. साहेबांच्या पिशव्या उचलता उचलता हजारो फटके मागून पाहायला मिळाले. कॅडी उभा राहतो ती जागा चेंडूच्या मागे असते, आणि कोण कुठे रोख धरतो व चेंडू कुठे जातो याचा ताळा तिथूनच सर्वांत चांगला दिसतो. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीला खेळाची ओळख लष्करातल्या डॉक्टर वडिलांनी करून दिली; ही आणखी वेगळी वाट.

पुस्तकात पटिंग घेतलेलं नाही. तिथे चेंडू हवेत जात नाही आणि पवित्र्याचे नियमही निराळे. उताराच्या जमिनीवरचे फटके मात्र शेवटच्या प्रकरणात घेतले आहेत. चेंडू पायांपेक्षा वर असला की तो डावीकडे का जातो, आणि वेजच्या वेळी लांब आयर्नपेक्षा जास्त का जातो, हे पोश्चरचं प्रकरण वाचलेल्याला स्वतःच सांगता येईल. प्रकरणं क्रमानं वाचायलाच हवीत असं नाही. रोज उजवीकडे जाणारा वाचक आधी रोखाचं प्रकरण उघडेल तर बरं, रोज डावीकडे जाणारा ग्रिपचं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, सात नंबरच्या आयर्ननं बदलावी, आणि निदान आठवडाभर ड्रायव्हर पिशवीतच ठेवावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत चेंडू पूर्वीपेक्षा वाईट जाईल. जुनी भरपाई अजून हातांत असते आणि ती ज्या चुकीसाठी होती ती चूक आता तिथे नसते.